पाच तोळ्यांची गोळी

शिकारकथा वाचत मोठ्या झालेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते. हत्ती किंवा रानरेडा चाल करून येतो, शिकारी भलीमोठी दुनळी खांद्याला लावतो, बार निघतो आणि जनावर जागच्या जागी उलटून पडते. मी शिकारी नाही. माझे आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले आणि छंद जडला तो शिकाऱ्यांच्या आठवणी वाचण्याचा. या दोन्हींमुळे ते चित्र माझ्यापुरते तरी पार बदलून गेले. कसे, ते आज सांगणार आहे.

आधी काडतुसांची ओळख करून घेऊ. नेहमीपेक्षा मोठी पुंगळी आणि तिच्यात जास्त दारू, म्हणजे ढोबळमानाने 'मॅग्नम'. नावातला आकडा हा साधारणपणे गोळीचा इंचातला व्यास. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली .३७५ मॅग्नम काढले. त्याची गोळी साडेनऊ मिलिमीटर जाड. अमेरिकेतले .४५८ विंचेस्टर मॅग्नम आले १९५६ साली. या गोळ्यांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे .४५८ ची ५०० ग्रेनची गोळी भरते पावणेतीन तोळे. त्याआधीच्या .६०० नायट्रो एक्स्प्रेसची गोळी तर ९०० ग्रेनची, अगदी पाच तोळे!

या काडतुसांच्या इतिहासाला हिंदुस्थाननेही एक वळण दिले. ब्रिटिश सैन्यातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे माप .४५० होते. या मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, या धास्तीने सरकारने १९०७ साली हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० च्या रायफली आणायला बंदी केली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग माप किंचित बदलले आणि .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसे पुढे आली.

आता ते जनावर उलटून पडण्याचे बघू. पावणेतीन तोळ्यांची गोळी सेकंदाला सुमारे ६४० मीटर वेगाने पाच टनांच्या हत्तीत घुसून आत राहिली, तर निव्वळ तिच्या धक्क्याने हत्तीला किती वेग येईल? सेकंदाला जेमतेम चार मिलिमीटर! हत्तीला हे जाणवणारही नाही. जाणवते ते शिकाऱ्याला. साडेचार किलोची रायफल सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने त्याच्या खांद्यावर आदळते. मग जनावर पडते कशाने? गोळी मेंदूत किंवा काळजात पोचली तर. हत्तीच्या कवटीचे हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ कप्प्यांचे असते आणि एवढ्या अवाढव्य डोक्यात मेंदू अगदी मागे दडलेला. गोळी तिथवर न पोचता मध्येच फुटली किंवा वळली, तर पाच तोळ्यांचे शिसेही वाया.

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश माणसाने हे फार लवकर ओळखले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक सात मिलिमीटरच्या साध्या रायफलीने. तिची गोळी तोळ्याहूनही हलकी, पण अंगभर कठीण आवरणाची, न फुटणारी. मेंदू नेमका कुठे असतो हे कळावे म्हणून त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती. तो सारा हस्तिदंताचा व्यापार होता. आज त्याचे कौतुक करवत नाही, पण त्याचा अभ्यास नाकारता येत नाही.

म्हणून काय मोठी काडतुसे निरुपयोगी? तसे नाही. बेल असामान्य नेमबाज होता. गर्द झुडपातून वीस पावलांवर रानरेडा अंगावर आला, तर कवटीचा हिशेब करायला सवड नसते. तिथे जाड हाडे फोडून खोल जाणारी जड गोळीच हवी. जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केले, तेव्हा त्याच्या हातात .४५८ मॅग्नमच होती. त्या काडतुसाच्या आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागे. ती कधी घट्ट बसून नीट जळत नसे आणि गोळीचा वेग कमी पडे. लॉटने पुढे लांब पुंगळीचे स्वतःचे काडतूस तयार केले.

दुसरी अडचण माणसाच्या अंगातली. दणका बसणार हे खांद्याला ठाऊक असते. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, हात किंचित दचकतो आणि नेम ढळतो. म्हणूनच जाणते शिकारी सांगत आले की आपल्याला झेपेल तेवढेच काडतूस घ्यावे. .३७५ ला शंभर वर्षांनंतरही मान आहे तो याचसाठी. ते पुरेसे खोल जाते आणि सामान्य माणसाला झेपते.

नेम ढळण्याची किंमत मात्र शिकारीच भरतो असे नाही. जायबंदी जनावराच्या मागे झाडीत पहिला शिरतो तो माग काढणारा. आणि कधी कधी किंमत भरतात ज्यांचा शिकारीशी काही संबंधच नाही असे लोक. जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे कुणाच्या तरी जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिचे बळी ४३६. यात सरपणाला, गवताला गेलेल्या कितीतरी बायका. ती गोळी झाडणारा घरी जाऊन काय म्हणाला असेल? "थोडक्यात हुकली!"

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि केनियात १९७७ च्या बंदीने शिकारीचा तो काळ संपवला. दक्षिण आफ्रिकेत परवान्याने शिकार आजही चालते. पण तिथल्याच क्रूगर अभयारण्यात पर्यटकांना पायी जंगल दाखवणारे वनरक्षकही .३७५ किंवा .४५८ खांद्यावर घेऊन चालतात. वाऱ्याची दिशा, जनावराचे कान, परतीची वाट यांवर त्यांची नजर असते. बार न काढता सगळ्यांना सुखरूप परत आणले, तर त्या दिवसाचे काम चोख झाले असे ते मानतात. मोठ्या काडतुसाचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.