अनुदान येईल, पण पाच तुकड्यांत



'प्रधानमंत्री आवास योजनेत 2 लाख 67 हजार मिळतात ना?' हा प्रश्न आजही काउंटरवर येतो. तो आकडा जुना झाला. शहरी योजनेतले ते व्याज अनुदान 31 मार्च 2022 ला बंद झाले. 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे आणि त्याचे गणित वेगळे आहे.

आता कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवे. त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर, जास्तीत जास्त 12 वर्षांसाठी, 4 टक्के व्याज अनुदान धरतात. ते जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार होते.

खरा बदल पुढे आहे. पूर्वी सगळी रक्कम एकदम कर्जातून वजा व्हायची आणि ईएमआय लगेच उतरायचा. आता ती पाच वार्षिक हप्त्यांत येते, म्हणजे वर्षाला फार तर 36 हजार. (सरकारला हे सोयीचे असेल, पहिल्या वर्षी ओढाताण करणाऱ्या कर्जदाराला तितकेसे नाही.) म्हणून बिल्डरला भरायच्या पैशांत हे अनुदान धरू नका. त्या भरवशावर ठेव मोडू नका. ईएमआय अनुदानाशिवाय झेपतो का, ते आधी पाहा.

प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्जखाते चालू हवे, एनपीए झालेले नको. शिवाय निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवे. आपल्या माणसांची सवय अशी, की हातात पैसे आले की आधी कर्ज फेडायचे. सवय चांगलीच आहे, पण इथे जरा थांबा. समजा, 10 लाखांचे कर्ज आहे. दोन हप्ते मिळाल्यावर तुम्ही साडेपाच लाख एकदम भरलेत, तर उरलेले तीन हप्ते, म्हणजे 1 लाख 8 हजारांपर्यंतची रक्कम जाऊ शकते. तीनचार लाख भरतानाही पुढच्या हप्त्यांच्या वेळी निम्म्याहून जास्त मुद्दल उरेल का, ते आधी पाहा. नुसते ईएमआय भरत राहिलात, तर साडेआठ टक्के दराच्या 20 वर्षांच्या कर्जात पाच वर्षांनीही सुमारे 8 लाख 81 हजार मुद्दल बाकी असते. तेव्हा नियमित भरणाऱ्याने काळजी करू नये.

आणखी एक. नवरा, बायको किंवा अविवाहित मुले, यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्के घर असेल, तर लाभ मिळत नाही. तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबादला राहता, पण गावच्या पक्क्या घराच्या उताऱ्यावर तुमचे नाव लागले असेल, तर ते आधी सांगा. गेल्या 20 वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, तर तेही सांगा.

घर ठरवण्याआधी, बुकिंगची रक्कम देण्याआधी, सगळ्यांची आधार कार्डे आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन शाखेत या. अर्जासाठी दलालाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.