बारीक माणसाचं ताट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लग्नाची पंगत बसलेली असते. वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन येतो. एखाद्या जाड गृहस्थांनी पानावर आडवा हात धरला, तर त्यांना फारसा आग्रह होत नाही. पण शेजारच्या लुकड्या माणसाची सुटका नसते. 'अहो, तुम्हाला काय होतंय? घ्या दोन!' आणि त्याच्याही मनात तेच असतं, आपल्याला काय होतंय!

माझा मोठा भाऊ हा पंगतीतला असा हक्काचा माणूस. उंची पाच फूट सात इंच, वजन चौसष्ट किलोच्या पुढे कधी गेलं नाही. घरात त्याला काडीपैलवान म्हणायचे. 'दादाची प्रकृती वाताची, त्याच्या अंगी काही लागत नाही,' हे आमच्या आईचं ठरलेलं वाक्य. पुढे मी आहारशास्त्र शिकले, त्यातच नोकरीला लागले. तरी सणावाराला त्याच्या पानात श्रीखंडाची दुसरी वाटी ठेवताना मीही तेच म्हणत असे. २०११ साली दादाच्या चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागला, तळपायांची आग होऊ लागली. रक्त तपासलं, तर जेवणानंतरची साखर तीनशेच्या वर! वय सत्तेचाळीस. डॉक्टर म्हणाले, 'हे आजचं नाही. काही वर्षं तरी अंगात मुरलेलं असावं.'

तेव्हापासून 'माझ्या शरीराच्या ठेवणीला कोणता आहार चांगला?' असं कुणी विचारलं की मी आधी एक उलट प्रश्न करते. ठेवण ओळखायची कशावरून?

ठेवणीच्या कल्पना पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं १९४० साली माणसांच्या अंगकाठीचे गोलसर, पिळदार आणि सडपातळ असे तीन प्रकार मांडले. त्याला अंगकाठीवरून स्वभाव ओळखायचा होता. प्रत्येक प्रकाराला वेगळं जेवण ही जोड नंतरच्या लोकांनी दिली. १९९६ साली पीटर डी'अडॅमो यांचं रक्तगटाप्रमाणे आहार सांगणारं पुस्तक आलं आणि खूप खपलं. पण टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १,४५५ जणांची माहिती तपासली. २०१४ साली त्यांनी सांगितलं, की भाजीपाल्याचा आहार घेणाऱ्यांना फायदा दिसला, पण त्याचा रक्तगटाशी संबंध नव्हता.

आपल्याकडे वात-पित्त-कफ आहेच. त्या शास्त्राची थट्टा मला करायची नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पदार्थाचा मूळ गुण, त्यावरचे संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कोणत्या प्रदेशात, कोणत्या काळी, कोणत्या नियमांनी आणि खाणारा कोण. आपण मात्र यातलं 'किती' सोडून देतो आणि 'माझी प्रकृती अमुक' एवढंच धरून बसतो.

मग आपल्या माणसांच्या बाबतीत खरोखर महत्त्वाची ठेवण कोणती? याचं उत्तर शोधण्याचं मोठं काम पुण्यातच झालं आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून! दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, ही आपली ठेवण पाळण्यापासूनची आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन पाहायचं एक गणित असतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. दोघांचाही आकडा २२.३, म्हणजे दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. हा लेख मी त्या वेळी वाचला होता. वाचून बाजूला ठेवला आणि दादाला श्रीखंड वाढत राहिले. पुस्तकातलं ज्ञान स्वयंपाकघरात यायला वेळ लागतो, तो असा.

ही चरबी घातक का? जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायची मोठी कोठी म्हणजे आपले स्नायू. स्नायू कमी म्हणजे कोठी लहान. त्यातून पोटात आणि यकृतात चरबी साठली, की इन्शुलिनचं कामही नीट होत नाही. साखर मग रक्तात फिरत राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ते सगळे काही लठ्ठ नाहीत.

म्हणून वजनकाट्याच्या जोडीला घरात शिवणाची टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पँटचा पट्टा बांधतो तिथे नव्हे, तो पोटाखाली घसरलेला असतो! आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली सुचवलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच अशी आहे. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

आता ताट. माणूस जाड असेल आणि पोटही सुटलं असेल, तर एकूण खाणं कमी करायला हवं, हे सगळ्यांना कळतं. पण हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसानं काय करायचं? त्यानं 'हवं ते खा' हे ऐकायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही. उपाशी राहिल्यानं आहेत ते स्नायूही झडतात. त्याला ताटातली वाटणी बदलायची आहे. आपलं निम्म्याहून जास्त पोट पोळी-भाताने भरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलं, की धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवावी. म्हणजे एक पोळी कमी, त्या जागी मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ. वरणाचं नुसतं पाणी नको, दाट वरण. चालत असेल त्यांना अंडं, मासळी. नसेल चालत तर दही, पनीर, पिठलं. भाजी दोन घास तोंडी लावण्यापुरती न घेता वाटीभर. चहाबरोबरची खारी-बिस्किटं आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी यांना हात आखडता. शिवाय चालण्याच्या जोडीला उठाबशा, जोर असा जोराचा व्यायाम हवाच. नुसत्या उसळीनं स्नायू वाढत नाहीत.

दोन सूचना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नका, साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आणि कारण नसताना वजन घटत असेल, तर 'माझी प्रकृतीच तशी' म्हणून गप्प बसू नका, तपासणी करा. तिशीनंतर रक्तातली साखर तर बारीक-जाड सगळ्यांनीच तपासून घ्यावी.

दादाचं पुढे काय झालं? गोळ्या चालू आहेत. वहिनीनं ताटातली वाटणी बदलली, दादा उठाबशा काढू लागला. साखर आटोक्यात आली, कंबर चार इंचांनी उतरली. तळपायांची आग मात्र पूर्ण गेली नाही. उशीर झाला होता.

त्याच सुमाराला वहिनी त्याच्या जुन्या पँटी घेऊन शिंप्याकडे गेली होती. शिंपी म्हणाला, 'वहिनी, गेली आठ वर्षं मी साहेबांच्या पँटी कंबरेत उसवून सैल करून देतोय. आज पहिल्यांदाच आत घ्यायला आल्यात.'

आठ वर्षं! मी दादाचं वजन विचारत होते, आई त्याची प्रकृती सांगत होती. त्याची ठेवण फक्त शिंप्याला माहीत होती. तेव्हा पुढच्या पंगतीत कुणी लुकड्या माणसानं पानावर आडवा हात धरला, तर कृपा करून तो हात बाजूला सारू नका.