देहाचें देहाशीं वैर

पावसाळा लागला कीं जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांतील शेतकऱ्यास दोन चिंता एकदमच लागतात. एक भाताच्या लावणीची, दुसरी बांधावरच्या सापाची. पश्चिमेस डोंगरांत भातखाचरें, पूर्वेस उंसाचे मळे. नाग, घोणस, फुरसें यांस दोन्ही ठिकाणें सारखींच सोयीचीं. मण्यार तर जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्या माणसालाही सोडीत नाहीं. या चौघांच्या विषावरील उतारा याच मुलखांत तयार होतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें प्रीमियम सिरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी सर्पविषावरील लस बनविते. या धंद्याची रीत अशी कीं, घोड्याच्या अंगांत विष प्रथम अगदीं अल्प टोंचावयाचें आणि मात्रा हळूहळू वाढवीत न्यावयाची. घोड्याचें शरीर त्या परक्या द्रव्याशीं झुंजण्यासाठीं रक्तांत प्रतिपिंडें निर्माण करतें. मग त्याचें रक्त काढून त्यांतील प्रतिपिंडें वेगळीं करतात व शुद्ध करून कुपींत भरतात.

या उताऱ्यानें प्राण वांचतो. परंतु कांहीं रोग्यांस आठ-दहा दिवसांनीं ताप भरतो, अंगावर गांधी उठतात, सांधे धरतात. घरचीं माणसें म्हणतात, विष अजून अंगांत राहिलें. वस्तुतः विषाचा येथें कांहींच संबंध नसतो. घोड्याचें प्रथिन मनुष्याला परकें. त्याविरुद्ध आतां मनुष्याचें शरीर प्रतिपिंडें बनवितें, आणि दोहोंच्या गुंत्याचे कण सांध्यांत, रक्तवाहिन्यांत व मूत्रपिंडांत जाऊन बसतात. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या डॉक्टरांनीं १९०५ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. दुखणें परक्या वस्तूनें होत नसून तिला हांकून देणाऱ्या आपल्याच पहारेकऱ्यांमुळें होतें, हा त्यांतला मर्माचा भाग.

घोड्याचें प्रथिन संपलें कीं हें भांडण मिटतें. परंतु ज्याच्यावर शस्त्र उगारलें तें आपल्याच सांध्याचें अस्तर असेल, तर तें संपावयाचें कसें? संधिवाताचा एक चिवट प्रकार, बालवयांत जडणारा मधुमेह, ल्यूपस नांवाचा सर्वांगास ग्रासणारा विकार, हे सारे याच जातीचे. त्यांतील ल्यूपस आणि संधिवात पुरुषांपेक्षां स्त्रियांनाच अधिक छळतात.

असें होऊंच शकत नाहीं, अशी विद्वानांची दीर्घकाळ समजूत होती. पाउल एर्लिख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं म्हटलें होतें कीं, स्वतःवर विष ओतण्याची देहाला उपजतच धास्ती असते. थोरांच्या शब्दाचें वजन असें कीं, ही समजूत पुरती ढळावयास १९५६ साल उजाडलें. त्या वर्षीं लंडनमध्यें गलग्रंथीच्या रोग्यांच्या रक्तांत त्यांच्याच ग्रंथीविरुद्धचीं प्रतिपिंडें सांपडलीं. एर्लिख अगदींच चुकले होते असें नव्हे. शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं इतर पेशींना आवरून धरणारा पांढऱ्या पेशींचा एक वर्ग दाखवून दिला. उंदराच्या अंगांतून तो काढला कीं उंदराचें शरीर स्वतःवरच उठतें. मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. मार्च २००६ मध्यें लंडन येथें, याच आवरणाऱ्या पेशींना बळ येईल या अपेक्षेनें केलेलें एक औषध सहा निरोगी पुरुषांना टोंचलें. माकडांना तें निर्धोक ठरलें होतें, आणि माणसांना दिलेली मात्रा माकडांच्या मात्रेच्या पांचशेंव्या हिश्शाइतकीच होती. दीड तासाच्या आंत सहाही जण कोसळूं लागले. ते वांचले, पण मरणाच्या दारांतून परतले.

म्हणून मनुष्याचें रक्त मनुष्याकडूनच मागावें लागतें. डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणास कोणी वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत दोन-तीन वर्षांच्या करारानें जें काम मिळतें, तें पुष्कळदां हेंच. रोग उसळला असतांना रक्त घ्यावयाचें, शमला असतांना घ्यावयाचें, आणि ताडून पाहण्यासाठीं त्याच घरांतील निरोगी माणसाचेंही घ्यावयाचें. हें शेवटचें सर्वांत अवघड. ज्याला कांहीं झालें नाहीं त्यानें सुई कां टोंचून घ्यावी, हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचें उत्तर घाईनें देतां येत नाहीं. शिवाय या विषयांतील बहुतेक माप युरोप-अमेरिकेंतील माणसांच्या रक्तावरून घेतलेलें. जंत, हिवताप आणि चिखल यांच्याशीं लहानपणापासून झगडलेल्या देहाला तें जसेंच्या तसें लागू पडेल, असें धरून चालणें धाडसाचें होईल.

हा रोग वर्षानुवर्षें चालतो. संशोधकाचा करार मात्र तिसऱ्या वर्षीं संपतो, आणि ओळखीचा झालेला माणूस दुसऱ्या गांवीं नोकरी शोधीत जातो. ज्यांच्या हातीं पैसा आहे त्यांनीं याचा विचार करावयास हवा. मंचर किंवा घोडेगांवाहून आंखडलेल्या बोटांनीं एस. टी.चा दांडा धरून पुण्यास येणाऱ्या बाईला दर खेपेस नवा चेहरा दिसतो, आणि दुखणें केव्हां सुरू झालें येथपासून तिला पुन्हां सांगावें लागतें. बरोबर आलेली तिची धाकटी बहीण तेवढ्यांत बाही वर सारून बसलेली असते.