घराची जागा आणि नगररचनेचे नियम
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आयुष्याची पुंजी घालून जागा घेताना आपण सात-बाराचा उतारा पाहतो. परंतु ती जागा विकास योजनेच्या नकाशात कोणत्या विभागात मोडते, हे क्वचितच पाहतो. मालकी निर्वेध असूनही जागा शेती विभागात किंवा शाळा-उद्यानासाठी आरक्षित असेल, तर घराची परवानगी दुर्घट होते.

हे विभाग ठरतात कसे? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रथम विद्यमान जमीन-वापराचा नकाशा होतो. मग नियोजन प्राधिकरण, शहरांत बहुधा नगरपालिका वा महानगरपालिका, प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविते. नियोजन समिती सुनावणी घेते आणि अखेर शासन मंजुरी देते.

मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर २०१५ मध्ये हरकतींचा वर्षाव झाला, तेव्हा शासनाने तो नव्याने दुरुस्त करावयास लावला. लेखी हरकत व्यर्थ नसते. मात्र ती मुदतीत हवी. पुढे आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित न झाल्यास कलम १२७ अन्वये नोटीस देता येते आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण व्यपगत होते. परंतु तोवर एक पिढी भाड्याच्या खोलीत म्हातारी होते.

यास्तव इसार देण्यापूर्वी झोन दाखला अवश्य काढावा. नवी योजना प्रसिद्ध होताच मंडळाने तिचा नकाशा कार्यालयात लावावा व बांधवांना हरकती लिहिण्यास साह्य करावे. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांइतकेच हेही ज्ञातिकार्य होय. मात्र स्वतःच्या घरासाठी लिहिताना शेजारच्या मैदानावर घाला घालू नये. तेथे आपलीच मुले खेळावयाची आहेत.