फी माफ झाली, पण राहायचं कुठं?

आजचा भाग कोडिंगवर नाहीये, जॉब स्विचवरही नाहीये. आज खोलीवर बोलायचंय. म्हणजे चार भिंती, एक कॉट, एक पंखा आणि महिन्याच्या पाच तारखेला येणारा घरमालकाचा मेसेज.

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. मावशी वैजापूर तालुक्यात राहते. दोन एकर शेती, कापूस आणि मका. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, कॅप राउंडमध्ये पुण्याला कॉम्प्युटरची सीट लागली होती. मी म्हटलं, अभिनंदन! पलीकडून आवाज नाही. मग मावशी म्हणाली, "बाळा, फी नाही लागत म्हणतेत पोरींना. पण राहायचं कुठं? खायचं काय? तुझे काका म्हणतेत, इथलंच बघू काहीतरी."

मावशीची माहिती बरोबर होती. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण संभाजीनगरहून पुणे साधारण २३५ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करता येत नाही. फी शून्य झाली तरी भाडं शून्य होत नाही. आणि सीट घ्यायची की सोडायची, हे ठरवायला आमच्याकडे दोनच दिवस होते.

मी सुट्टी टाकली. पण ते सांगण्याआधी माझं सांगतो.

मी पुण्याला गेलो २०१६ मध्ये. तेव्हाचं औरंगाबाद, सकाळची एसटी, शिवाजीनगरला उतरलो. हातात एक बॅग आणि एका ब्रोकरचा नंबर. त्यानं आधी १५०० रुपये 'रजिस्ट्रेशन' घेतलं आणि दहा घरमालकांच्या नंबरांची यादी दिली. चार नंबर बंद. तिघं म्हणाले, रूम कधीच गेली. दोघं म्हणाले, आम्ही फॅमिलीलाच देतो. दहाव्यानं विचारलं, "तुम्हाला माझा नंबर दिला कुणी?" ब्रोकरचा फोन संध्याकाळपासून लागेना. घरी मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. आई, ऐकत असशील तर सॉरी.

शेवटी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत सहा कॉट, महिना २२०० रुपये. खोलीत मी, लातूरचा एक, परभणीचा एक, दोघं एमपीएससीवाले दादा आणि एक बीडकडचा मित्र. हा बीडवाला आमच्या सगळ्यांत हुशार. माझं मॅथ्सचं पहिलं सेमिस्टर त्याच्यामुळे निघालं.

२०१६ चा उन्हाळा आठवतोय का? लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते वर्ष. त्या दुष्काळात त्याच्या घरी कर्ज झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात पीक बरं आलं, पण पैसे आधी कर्जाकडे गेले. जानेवारीत त्याचं दोन महिन्यांचं भाडं थकलं. आम्ही पाच जणांनी एकदा काढून दिलं. दुसऱ्यांदा त्यानं घेतलं नाही. पहिलं वर्ष झालं आणि तो परत आलाच नाही. त्याचा एकही विषय राहिला नव्हता. म्हणजे तो नापास होऊन गेला नाही, कॉट परवडली नाही म्हणून गेला. आज त्याचं गावाकडे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि चांगलं चाललंय. पण दर वेळी बोलताना एकदा तरी विचारतो, "तुमच्यात आता कोणती लँग्वेज चालूय?" तेव्हा मला बोलायला काही सुचत नाही.

म्हणून मावशीचा फोन आला तेव्हा मला तोच आठवला.

आता थोडं मागे जाऊ. हा प्रश्न नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. खेड्यातलं पोरगं शिकायचं तर कोल्हापुरात नुसती शाळा असून भागत नाही, तिथं त्याला झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण पाहिजे. १९०१ मध्ये तिथं पहिलं वसतिगृह सुरू झालं आणि मग वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं एकामागून एक उभी राहिली. आपल्याकडे बघा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात वर्गांसोबत वसतिगृहंही आली. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तिथं राहूनच शिकली. आणि पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी. ती आजही चालू आहे.

सांगायचा मुद्दा हा, की ज्यांना शिक्षण खरंच खालपर्यंत न्यायचं होतं, त्यांनी खोलीचा विचार आधी केला. आपण अॅडमिशनचा विचार मे महिन्यात करतो आणि खोलीचा विचार बसमध्ये बसल्यावर. मीही तेच केलं होतं.

तर, आम्ही काय केलं? क्रमानं सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, कॉलेजचं हॉस्टेल. फोनवर "फुल्ल आहे" म्हणाले. तरी आम्ही प्रत्यक्ष जाऊन लेखी अर्ज दिला आणि वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकलं. पुढच्या राउंडला काही मुली सीट बदलतात, जागा सुटतात. अर्ज नसेल तर तुमचं नाव कुणाला कळणार?

दुसरं, सरकारी आणि सामाजिक संस्थांची वसतिगृहं. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं पुण्यात आहेत, आपल्याकडे किलेअर्कला आहेत. समितीसारख्या संस्थांमध्ये अर्ज आणि मुलाखत असते, त्यामुळे बारावीच्या निकालाच्या आसपासच चौकशी करा. आम्हाला उशीर झाला होता, हे मी कबूल करतो.

तिसरं, वसतिगृह नाही मिळालं तर भत्ता. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. स्वाधार आणि आधारमध्ये पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार धरलेत: भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. पण उत्पन्नाची मर्यादा आहे, मार्कांची अट आहे, जागाही मर्यादित आहेत. आणि पैसे हप्त्यानं, मंजुरीनंतर खात्यात येतात. पहिल्या महिन्याचं डिपॉझिट त्यातून भरता येत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण इथंच अडकतात.

चौथं, खासगी खोली. दोन दिवसांत अकरा खोल्या बघितल्या. मावशी सोबत होती. मी भाडं विचारायचो आणि मावशी थेट नळ सोडून बघायची. एका ठिकाणी तिनं कॉट मोजल्या, मग संडास मोजले. "चौदा पोरी अन् दोन संडास? सकाळी कॉलेजला कशा जातेत?" मालकीणबाई गप्प. मी बीटेक केलंय, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

नऱ्ह्याला ३ हजारांत कॉट होती. कर्वेनगरला, कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर, साडेचार हजारांत. काका फोनवर म्हणाले, नऱ्ह्याचीच घ्या. मी हिशोब मांडला. दोन बस बदलून जाण्या-येण्यात रोज अडीच तास जास्त. महिन्याचे २४ दिवस धरले तर ६० तास. म्हणजे १५०० रुपये वाचवायला ६० तास, तासाला २५ रुपये. बसचं तिकीट त्यात धरलेलंच नाही. आणि प्रॅक्टिकल उशिरा सुटलं तर अंधारात स्टॉपवर उभं राहणं वेगळं. काका थोडा वेळ थांबले अन् म्हणाले, "कर्वेनगर."

आता पूर्ण आकडा ऐका. भाडं ४५००, मेस ३२००, लाइट-वायफाय ३००, वरखर्च १०००. महिना ९ हजार, दहा महिन्यांचे ९० हजार. योजना मंजूर झाली तर ६० हजार तिथून, उरलेले ३० हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार घरून. पण पहिल्या दिवशी रोख किती लागले? दोन महिन्यांचं डिपॉझिट ९ हजार, भाडं ४५००, मेसचा अॅडव्हान्स ३२००, गादी-बादली-बेडशीट १५००. एकूण १८,२००. मला वाटतं, आपल्याकडची सीट वर्षाच्या खर्चानं जाते त्याहून जास्त या पहिल्या दिवसाच्या खर्चानं जाते.

आता कागदाचं. कॉट बेसिसवाले करार करायला टाळतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ काय सांगतं? भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असू द्या. आम्ही मालकीणबाईंना एवढंच म्हटलं, "काकू, करार नाही तर निदान एका कागदावर लिहून द्या. डिपॉझिट किती, परत कधी, कशाबद्दल कापणार, नोटीस किती दिवसांची." त्यांनी लिहून दिलं, सही केली. पैसे ऑनलाइन भरले, म्हणजे नोंद राहते. खोलीचा व्हिडिओ काढून त्यांनाच व्हॉट्सअॅपवर पाठवला. आणि एक नियम पाळाच: खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन पाठवायचं नाही. फोटो छान असतात, फोटोला नळ नसतो.

मावसबहीण आता सेकंड सेमिस्टरला आहे. आधार योजनेचा अर्ज केलाय, वाट बघतोय. १८,२०० पैकी दहा हजार मी दिले, बाकीचे काकांनी जमवले. यात मी काही मोठेपणा केला असं नाही. २०१७ मध्ये माझ्या खिशात दहा हजार असते तर माझा मित्रही थांबला असता, एवढंच.

म्हणून आज नोकरीत असलेल्यांना एक विनंती. गावाकडून, ओळखीतून कुणी पोरगं-पोरगी तुमच्या शहरात येणार असेल, तर त्यांच्याऐवजी तुम्ही आधी जाऊन खोली बघून या. रविवारचे दोन तास जातील. नळ सोडून बघा, संडास मोजा. जमलं तर डिपॉझिट उसनं द्या, ते परत येणारंच असतं. आणि जे यंदा बारावीला आहात, त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि बँक खातं आधारला जोडणं ही कामं निकालाच्या आधीच उरका.

हा भाग अपलोड करण्याआधी मी बीडच्या मित्राला पाठवला होता. विचारलं, तुझं सांगितलंय, चालेल का? त्याचा व्हॉइस मेसेज आला. "चालेल की. अन् त्या पोरीला सांग, लॅपटॉप बिघडला तर माझ्याकडं पाठव, फुकट करून देतो."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.