आतड्याला पीळ पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या भागात पोटदुखीवर बोललो, त्यावर बऱ्याच व्हॉइस नोट्स आल्या. त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: "आतड्याला पीळ कशामुळे पडतो? बाळंतिणीने काही चुकीचं खाल्लं की पडतो का?" आज तेवढ्याच विषयावर बोलू.

आपण सोलापूरकर. पीळ म्हटलं की आपल्याला सूत आठवतं. पण सुताला पीळ दिला की ते मजबूत होतं, आतड्याचं नेमकं उलटं आहे. आतडी पोटात सुटी पडलेली नसतात. एका पातळ पडद्याने ती पाठीमागच्या बाजूला बांधलेली असतात आणि त्याच पडद्यातून त्यांना रक्त पुरवणाऱ्या नसा येतात. आतडं त्या पडद्याभोवती फिरलं की दोन गोष्टी एकदम बंद होतात: आतून पुढे जायची वाट आणि बाहेरून येणारं रक्त. वाट बंद झाली तर माणूस थोडा वेळ काढू शकतो. रक्त बंद झालं तर काही तासांत आतडं काळं पडायला लागतं. म्हणून हा "बघू उद्या सकाळी" वाला आजार नाही.

आता बाळांचं बघू. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याची आतडी पोटात मावत नाहीत, म्हणून ती नाळेत जातात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येतात आणि या सगळ्या प्रवासात एकूण २७० अंश फिरून आपापल्या जागी बसतात. नीट बसली की पडद्याचं मूळ लांब राहतं, डाव्या बाजूला वरपासून उजव्या बाजूला खालपर्यंत. लांब मूळ सहज फिरत नाही. पण हे फिरणं अर्धवट राहिलं तर सगळं छोटं आतडं एका अरुंद देठावर लटकतं. दोन खुंट्यांवर बांधलेली दोरी आणि एका खिळ्यावर टांगलेली पिशवी, यातलं काय गरकन फिरेल सांगा. असा दोष साधारण ५०० बाळांत एकाला असतो असा अंदाज आहे, पण त्या सगळ्यांना पीळ पडत नाही. ज्यांना पडतो, त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या महिन्यातच पडतो.

म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या आतली ही गोष्ट. तेव्हा कित्येक बायकांना धड डोहाळेही लागलेले नसतात. तरी घरात ऐकवलं जातं, "हिनं वांगं खाल्लं", "हिनं बाळाला नीट धरलं नाही". ताईंनो, तुमच्या खाण्यापिण्याचा, उठण्याबसण्याचा याच्याशी काही संबंध नाही. घरात कोणी तसं बोललं तर हा भाग त्यांनाही ऐकवा.

लक्षात ठेवायची खूण एकच: हिरवी उलटी. दूध पिऊन पांढरं ओकणं बहुतेक वेळा साधं असतं. पण बाळाने पालकाच्या रसासारखी हिरवी उलटी केली, तर थेट दवाखाना. सुरुवातीला पोट फुगलेलं नसतं, बाळ हसतही असेल, म्हणून फसायला होतं. शी मधून रक्त यायला लागलं किंवा बाळ गळून गेलं, म्हणजे उशीर व्हायला लागला. अशा वेळी ग्राइप वॉटर, गुटी, "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळणं, यात तास घालवू नका. हातात फोन आहेच, उलटी पडलेल्या कपड्याचा उजेडात फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. "पिवळी होती की हिरवी" हा वाद तिथेच मिटतो. अक्कलकोट, मोहोळकडच्या वाडीवर असाल तर १०८ ला फोन करा आणि बाळांचे सर्जन कुठे आहेत हे विचारूनच निघा. तीन दवाखाने फिरण्यात वेळ जातो.

मोठ्या माणसांत मामला वेगळा. तिथे पीळ जास्त करून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला पडतो, त्याला सिग्मॉइड म्हणतात. हे वळण काहींचं जन्मतःच लांब असतं, काहींचं वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने ताणून लांब होतं. लांब वळण, त्याची दोन टोकं जवळजवळ, आत मळ आणि गॅस. आजारी पडायला एवढं पुरतं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, आतड्याची हालचाल मंद करणारी मानसिक आजाराची औषधं घेणारे, यांना धोका जास्त. गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयामुळे वळण जागचं हलू शकतं. आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आत तयार झालेल्या चिकट पट्ट्यांभोवती छोटं आतडंही फिरू शकतं.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा, भाकरी. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः सत्तरीच्या पुढे दिसतो. भारत, आफ्रिका, मध्यपूर्व या पट्ट्यात मात्र तो चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांतही दिसतो. इथलं चोथ्याचं भरपूर जेवण आतडं लांब आणि जड करत असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पण यावरून कोणी ज्वारी सोडू नका बे! चोथा कमी केला तर बद्धकोष्ठ वाढतं, आणि ते स्वतःच एक कारण आहे. माझ्या मते भाकरीपेक्षा दिवसभर पाणी न पिणं आणि शौचाला लागलेली दाबून ठेवणं, हे जास्त बघण्यासारखं आहे.

मोठ्यांतली खूण अशी: पोट एकदम ढोलासारखं फुगतं, कळा येतात, शौचाला होत नाही आणि वारासुद्धा सरत नाही. वारा सरत नसेल तर घरी जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका. पुढे वाट बंद आहे, मागून जोर लावून काय होणार?

उपचार आहेत, आणि ते जुने आहेत. बाळांवरचं ऑपरेशन बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखतात. पीळ सोडवायचा, आडव्या आलेल्या पट्ट्या कापायच्या, देठ रुंद करायचा. मोठ्यांत आतडं काळं पडलं नसेल तर बऱ्याचदा गुदमार्गाने दुर्बीण घालून पीळ सोडवता येतो. पण लोक इथे एक गडबड करतात. पोट उतरलं, बरं वाटलं की "डिस्चार्ज द्या" म्हणून मागे लागतात. वळण लांबच राहिलेलं असतं, त्यामुळे पीळ पुन्हा पडण्याची शक्यता मोठी असते. म्हणून डॉक्टर त्याच मुक्कामात तो भाग काढायचा सल्ला देतात. आजोबांचं वय, हृदय, साखर बघून निर्णय वेगळा होऊ शकतो, तेव्हा "पुन्हा झालं तर काय करायचं" हे घरी निघायच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या.