चाबकाचा आवाज

आपल्याकडे सूरजागडच्या खाणीच्या रस्त्यावर आज कानावर पडते ती लोहखनिजाच्या ट्रकांची घरघर. मी बोलणार आहे चाबकाच्या कडाक्याबद्दल. डोंगरातल्या माडियांचे दोर माहुलीच्या वेलीच्या सालीचे. चामडी आसूड खालच्या मुलखातला, जिथे धान निघालं की बैलांचे शंकरपट भरायचे आणि पटाच्या रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगायची.

तर, चाबूक बैलाच्या पाठीवर वाजत नाही, हवेत वाजतो. हे मला लहानपणी दारात येणाऱ्या कडकलक्ष्मीमुळे कळलं. पोतराज कोरडा, म्हणजे त्याचा चाबूक, उगारायचा, मी डोळे मिटायचो, आणि कोरडा कशालाही शिवायच्या आत आवाज झालेला असायचा! त्याचा कोरडा वाखाचा, चामड्याचा नव्हे. पण गंमत तीच. मुठीशी जाड, टोकाला बारीक. हाताच्या झटक्यानं वळसा पडतो, तो पुढे धावतो, पुढचा भाग हलका म्हणून वेग वाढत जातो आणि शेवटी आवाजालाच गाठतो. म्हणजे सेकंदाला ३४० मीटर! २००२ च्या सुमारास अमेरिकेत गोरिएली आणि मॅकमिलन या दोघांनी याचं गणित मांडलं. त्यांच्या मते कडाका त्या धावत्या वळशाचा. टोक तर तेव्हा दुप्पट वेगात असतं. आत्ताच रेडिओ लावलेल्यांसाठी पुन्हा सांगतो: चाबूक हवेत वाजतो, आणि वाजतो तो निमुळता असतो म्हणून.

हा निमुळतेपणा हातानं विणावा लागतो. कातड्याचा गोल तुकडा घेऊन कडेपासून आत, गोल गोल फिरत, एकच लांबलचक वादी कापायची. ती भिजवायची, ताणायची, रापीनं कडा तासायच्या. मग गाभ्यावर आठ वाद्यांची गोल वेणी घालायची. पुढे सरकताना दोन-दोन वाद्या आत दडवायच्या. आठाच्या सहा, सहाच्या चार. एखादी सैल राहिली की तिथे कुबड येतं आणि वळसा अडखळतो. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या कातड्याचे चोवीस वाद्यांचे चाबूक विणतात. ते कातडं पातळ असूनही चिवट. घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, आवरतो.

आपल्याकडे हे काम कसं मागे पडलं, तो इतिहास भराभर. गावगाड्यात चांभार मोट शिवायचा, मातंग दोर-कासरे वळायचे. इंजिन आलं, मोट गेली. ट्रॅक्टर आला, बैल गेले. २०१४ मध्ये पटांवर बंदी आली, सात-आठ वर्षांनी उठली, पण पळत्या बैलावर चाबूक उगारायचा नाही या अटीवर. अट रास्तच आहे.

कातड्याची कामं ज्यांनी सोडली त्यांना मी नावं ठेवणार नाही. बलुत्याबरोबर अपमानही पदरात पडायचा. पण ते काम जातीच्या दाव्याला बांधूनच का ठेवलं गेलं? ते कुणालाही शिकता आलं असतं, चोख मजुरी घेऊन करता आलं असतं. आज चामड्याची बारीक वेणी पाहायची तर कोल्हापुरी चपलेवर पाहावी लागते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. ते कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. हिरडा आपल्या जंगलातही गोळा होतो. आपण तो पोत्यात भरून विकतो, आणि चामड्याचा पट्टा घ्यायला दुकानात जातो.